लान उतरेपर्यंत रस्ता बंद

माझी बायको बुर्गी गेली तेव्हा रस्ता बंद होता, आणि तो बंद ठेवणारा मीच होतो.

आमची वाडी घळीच्या अलीकडे. चर्च, कबरस्तान, खानावळ, दुकान, सगळं पलीकडे. दर वसंतात या घळीतून लान उतरते. वर डोंगराच्या कढईत हिवाळाभर साठलेला बर्फ एक दिवस ओला होऊन सुटतो आणि झाडं, दगड, आमचं गेल्या सालचं कुंपण असं सगळं घेऊन खाली नदीत जातो. ती उतरून गेली की रस्ता खणून मोकळा करायचा. ती उतरेपर्यंत रस्ता बंद. हा नियम माझ्या आजोबांच्याही आधीचा आहे, आणि तो न पाळणाऱ्यांचे क्रूस रस्त्याच्या कडेलाच उभे आहेत.

वाडीची लान समिती तिघांची. मी, पिर्मिन आणि फाइट. मी प्रमुख, कारण रस्त्याच्या डागडुजीचं काम माझ्याकडे आणि फावडी माझ्या ताब्यात. बुर्गी म्हणायची की फावडी फाइटकडे असती तर फाइट प्रमुख झाला असता. फाइटही हेच म्हणायचा, पण तो रागाने म्हणायचा.

तिचं हृदय कमजोर होतं. मार्चमध्ये एका सकाळी ती चुलीपाशी स्टुलावर बसली, मला म्हणाली दूध बघ, आणि मी दूध बघून वळलो तर ती गेलेली होती. दूध उतू गेलं नव्हतं. ते मी नंतर प्यायलो की ओतून दिलं, आठवत नाही.

हेलिकॉप्टर त्या काळी फक्त जिवंत माणसांसाठी येत असे. आमच्याकडे हिवाळ्यात माणूस गेलं तर त्याला घराच्या उत्तरेकडच्या कोठीत ठेवायचं आणि रस्ता उघडला की पलीकडे नेऊन पुरायचं. कोठीत ऊन कधी शिरत नाही. एरवी तिथे धुरावलेलं मांस टांगलेलं असतं. मांस आधी काढावं लागलं. पिर्मिनने त्यातला एक तुकडा चाखून पाहिला आणि म्हणाला, मिठाचा अंदाज बुर्गीसारखा कुणाला नव्हता. तिच्याबद्दल त्या दिवशी बोललं गेलेलं सगळ्यात चांगलं वाक्य तेच.

माणूस पुरेपर्यंत रोज संध्याकाळी शेजारपाजाऱ्यांनी येऊन जपमाळ म्हणायची आणि घरच्याने त्यांना पाव आणि घोटभर दारू द्यायची, अशी आमची रीत. एरवी हे तीन संध्याकाळींत आटपतं. पण त्या साली लान काही उतरेना. मार्च संपला. एप्रिल उजाडला. पाव संपला, मग दारू संपली, मग लोकांचे गुडघे संपले. तरी लोक येत राहिले, कारण पहिल्यांदा न येणारा कोण याकडे सगळ्यांचं लक्ष होतं.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की प्रार्थना बदलली आहे. आमच्या वाडीत कित्येक पिढ्या लान येऊ नये म्हणून मिरवणूक निघते, मेणबत्त्या लागतात, नवस बोलले जातात. आता बुर्गीच्या आत्म्यासाठी जपमाळ झाली की बायका शेवटी हळूच जोडायच्या, देवा, ती लवकर उतरू दे. फादर पलीकडे होते म्हणून बरं. देवाला काय वाटलं असेल ते देव जाणे.

रस्ता उघडावा असं सगळ्यांना वाटत होतं, आणि सगळ्यांना ते बुर्गीसाठी वाटत होतं. पिर्मिनचं एक वासरू विकायचं ठरलेलं होतं आणि घेणारा पलीकडे वाट बघत होता. पिर्मिन म्हणायचा, बुर्गी बिचारी किती दिवस अशी पडून राहणार. फाइटची तंबाखू संपली होती. त्याला बुर्गीच्या काळजीने रात्ररात्र झोप येत नव्हती. बायकांची कॉफी संपली तेव्हा तर तिच्या नावाने डोळ्याला रुमाल लावायला सुरुवात झाली. रडत नव्हतो तो मी एकटाच, आणि रस्ता उघडत नाही म्हणून दगडाच्या काळजाचाही मीच.

मी रोज सकाळी घळीच्या काठाला जाऊन खड्डा खणत होतो. समितीचं काम तेच. उभी भिंत कापायची आणि वरून खाली बोट रुतवत जायचं. वरती रात्रीचा गोठलेला पापुद्रा, त्याखाली ओला बर्फ, त्याखाली जानेवारीतला घट्ट थर, आणि अगदी तळाशी नोव्हेंबरचा जुना बर्फ, जाड साखरेसारखा, मुठीत धरला तर सांडून जाणारा. त्या साखरेवर सगळं बसलेलं. वरचं पाणी झिरपत तिथपर्यंत पोचलं की काम झालं. पाणी कुठवर आलंय ते मी रोज बघायचो, आणि घरी येऊन कोठीत बसून बुर्गीला सांगायचो. कॉफी होती तोवर कॉफी घेऊन बसायचो. ती असताना मी हे सांगायला लागलो की ती म्हणायची, कासिआन, बर्फाकडे बघतोस तसं एकदा माझ्याकडे बघ. आता ती ऐकून घेत होती.

झेन्झी ही बुर्गीची थोरली बहीण. शेजारच्याच घरात राहते. तिने कधी रस्त्याचा विषय काढला नव्हता. एका सकाळी मी कोठीत बसलो होतो तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली.

"पाणी कुठपर्यंत आलं?" तिने विचारलं.

मी म्हटलं, जानेवारीच्या थरात हातभर.

"काल कुठे होतं?"

"तिथेच."

"परवा?"

परवाही ते तिथेच होतं. गेले काही दिवस आभाळ निरभ्र होतं, कडक थंडी परत आली होती, सकाळी पापुद्रा बैलाला पेलेल इतका घट्ट असायचा. सूर्य घळीत शिरायच्या आत कुणी ओलांडून गेलं तर त्यात धोका नव्हता असं नाही, पण आमच्या बापजाद्यांनी याहून वाईट सकाळी ओलांडलं होतं.

"तू रस्ता अडवून धरलायस की तिला?" झेन्झी म्हणाली.

मी म्हटलं, मी समितीचा प्रमुख आहे.

"हो. आणि समितीचा प्रमुख रोज मढ्याशेजारी बसून हवापाणी सांगतो. कासिआन, ती माझी बहीणही आहे. उन्हाळ्यापर्यंत ठेवणार आहेस का तिला मांसासारखी?"

ती बोलायला अशीच आहे. बुर्गीही तशीच होती.

त्याच संध्याकाळी, जपमाळेनंतर, मी समिती बोलावली, म्हणजे पिर्मिन आणि फाइट जागचे उठले नाहीत. मी म्हटलं उद्या पहाटे न्यायचं. बर्फ बघून म्हटलं की झेन्झीचं ऐकून म्हटलं, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. अटी मी घातल्या. उजाडताना घळ ओलांडायची. पलीकडे चर्चमध्ये मिस्सा, मग पुरणं, जेवण, आणि सूर्य तांबड्या खडकावर यायच्या आत परत अलीकडे. तांबडा खडक घळीच्या वरच्या अंगाला आहे. त्याच्यावर ऊन आलं की घळ जागी होते असं आम्ही मानतो. आणि घळ एका वेळी एकानेच ओलांडायची, मधे अंतर ठेवून, म्हणजे काही झालंच तर बाकीचे खणायला उरतील.

फाइटने शंका काढली. शवपेटी ओढायला तीन माणसं लागतात. मग एका वेळी एक हा नियम राहतो कुठे. पिर्मिन म्हणाला, आधी हे ठरवा की बुर्गीला माणूस धरायचं की नाही. यावर समितीची बरीच चर्चा झाली. शेवटी असं ठरलं की तिला धरायचं नाही, पण मग उरलेल्या तिघांचं काय ते कळेना. मी म्हटलं, मी एकटा ओढतो. उताराचीच वाट आहे.

फाइटच्या कंबरेचं हाड दुखतं, म्हणून तो वाडीत थांबला. सगळ्यांच्या गाई त्याच्यावर सोपवल्या. त्याच्याच घरी टेलिफोन आहे, त्यावरून मी खानावळवाल्या फिलोमेनाला जेवणाचं सांगितलं. बुर्गीची एकच इच्छा होती. ती म्हणायची, माझ्या दिवशी फिलोमेनाला सूप पातळ करू देऊ नकोस, मी तिथे नसेन म्हणून ती पाणी घालेल. फिलोमेनाला मी हे जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, तिला सांग की चमचा उभा राहील.

पहाटे गवत वाहायच्या घसरगाडीवर पेटी बांधली. पापुद्रा छान वाजत होता, बुटाची टाच आत जात नव्हती. आधी बाकीचे एकेक करून गेले. पिर्मिन वासरू घेऊन निघाला होता. मी म्हटलं, अंत्ययात्रेत वासरू? तो म्हणाला, बुर्गीचा जीव होता त्याच्यावर. वासराने घळ ओलांडताना मधेच थांबून धार सोडली, आणि पलीकडच्या काठावर सगळी वाडी श्वास रोखून ते बघत उभी होती.

शेवटी मी आणि ती. मी दोर खांद्याला लावून निघालो. मधोमध आल्यावर पापुद्रा जरा मऊ लागला, खड्ड्यापाशी होता तसा नव्हता. मी ते मनात नोंदलं आणि थांबलो नाही. मागे गाडी करकरत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्यामागून काही न बोलता ती पहिल्यांदाच येत होती.

मिस्सा झाली. फादर चांगलं बोलले, फक्त एकदा त्यांनी तिच्याऐवजी झेन्झीचं नाव घेतलं. झेन्झीने तिथूनच दुरुस्त केलं. कबर आधीच खोदून ठेवलेली होती. माती टाकताना मला गालावर ऊबदार वारा लागला. दक्षिणेकडून, खिंडीवरून येणारा. चर्चच्या वळचणीतून पाणी ठिबकायला लागलं होतं, आणि अजून ऊन आलंही नव्हतं. याचा अर्थ मला कळला. वाडीत कुणालाही कळला असता. मी पिर्मिनकडे बघितलं, त्याने वळचणीकडे बघितलं. सूप पिऊन लगेच निघायचं, असं आम्ही न बोलता ठरवलं. तांबड्या खडकावर ऊन यायला पुष्कळ अवकाश होता.

पुरून आल्यावरच्या जेवणाची आमची एक रीत आहे. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याने उठून टोपी घातली की जेवण संपलं. त्याच्या आधी कुणी उठायचं नाही. फादरनीसुद्धा नाही. बिशप आला तरी नाही, असं म्हणतात, पण आमच्याकडे बिशप कधी आला नाही.

फिलोमेनाने स्वतः येऊन माझ्यापुढे वाडगा ठेवला. जवाचं सूप, मांसाचे तुकडे घातलेलं. तिने त्यात चमचा उभा केला आणि हात काढून घेतला. चमचा उभा राहिला. ती माझ्याकडे बघत राहिली, म्हणजे खरं तर माझ्याशेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे.

मी एक चमचा घेतला. चांगलं होतं. बुर्गीच्या इतकं नाही, पण बुर्गीलाही नाव ठेवता आलं नसतं, आणि ठेवायला ती नव्हती. तेवढ्यावर माझं काहीतरी झालं. दुसरा चमचा तोंडापर्यंत गेला नाही आणि खालीही ठेवला गेला नाही. बाकीच्यांनी भराभर सूप संपवलं, मांस संपवलं, पावाचे गोळे संपवले. पावाने ताटं पुसली. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग खिडकीकडे. मग परत माझ्याकडे.

पिर्मिन खाकरला. म्हणाला, बर्फ मऊ होतोय हं. कुणीतरी म्हणालं, फाइट एकटा आहे गाईंपाशी. पिर्मिन पुन्हा खाकरला. मला सगळं ऐकू येत होतं. टोपी माझ्या गुडघ्यावर होती. उठायचं, टोपी घालायची, बाहेर पडायचं, घळ ओलांडायची, घरी जायचं, आणि कोठीत कुणी नाही. तिथपर्यंत विचार आला की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. उठायचं, टोपी घालायची. माझे पाय टेबलाखाली होते पण माझे नव्हते.

झेन्झी माझ्या समोर बसली होती. तिने हलक्या आवाजात म्हटलं, "कासिआन, ऊठ. सगळे खोळंबलेत." मी म्हटलं, सूप संपवतो. ती म्हणाली, "मग संपव." मी चमचा बघत राहिलो.

लान आली तेव्हा तांबड्या खडकावर अजून सावलीच होती. आधी खिडकीच्या काचा थरथरल्या. ताटंही वाजली. मग आवाज आला, फार मोठा नाही, खडीची मोठी गाडी कुणी हळूहळू रिकामी करावी तसा, पण तो थांबेचना. आम्ही सगळे जागच्या जागी बसून होतो. रीत मोडून पहिला उठला तो पिर्मिन, आणि तो खिडकीपर्यंत गेला. घळीतून तपकिरी झालेला बर्फ भिंतीसारखा सरकत होता. त्यात अख्खी झाडं उभीच्या उभी चालल्यासारखी चालली होती. रस्ता होता तिथे आता घरापेक्षा उंच ढीग होता.

सूप पिऊन लगेच निघालो असतो तर आम्ही तेव्हा कुठे असतो हे प्रत्येकाने आपापलं मोजलं. सगळ्यांचं उत्तर एकच आलं. एका वेळी एक या नियमाने, कोण मधोमध असता आणि कोण काठावर, एवढाच काय तो फरक.

पिर्मिन परत येऊन बसला. त्याचा चेहरा पांढरा झाला होता.

"तुला ठाऊक होतं," तो म्हणाला.

मी म्हटलं, काही ठाऊक नव्हतं. मला उठवत नव्हतं.

"हो, हो," तो म्हणाला. "आम्हाला घाबरवायचं नव्हतं म्हणून सुपाचं नाटक केलंस. आणि मी खाकरत बसलो होतो, गाढव."

मी पुन्हा सांगितलं. मी म्हटलं की माझा हिशेब साफ चुकला होता, तांबड्या खडकाची अट मीच घातली होती, त्या अटीप्रमाणे वागलो असतो तर सगळे गेलो असतो. फादर म्हणाले की खऱ्या जाणत्या माणसाला नम्रता शोभून दिसते. फिलोमेनाने सगळ्यांना दारू ओतली. वासरू विकलं गेलं होतं, त्या खुशीत पिर्मिनने दुसरी फेरी दिली. दुपारपर्यंत पुढच्या गावात ही गोष्ट पोचली की कासिआनने वळचणीतलं एक थेंब पाणी बघितलं आणि मुद्दाम सूप थंड केलं. संध्याकाळी टेलिफोनवर फाइटने विचारलं की नक्की कोणत्या थेंबावरून ओळखलंस. तो आता रागाने बोलत नव्हता. सगळ्या गाईंच्या धारा एकट्याने काढून त्याचे हात सुजले होते.

नंतर जिल्ह्याचे साहेब आले तेव्हा त्यांनीही हेच विचारलं. इतर गावांच्या समित्यांना शिकवायला उपयोगी पडेल म्हणाले, नेमकी कोणती खूण दिसली होती. मी म्हटलं, सूप घट्ट होतं. ते हसले. डोंगरी माणसांचा विनोद त्यांना आवडतो म्हणाले.

पण ते नंतरचं. त्या रात्री सगळी वाडी खानावळीत झोपली, बाकांवर, टेबलांखाली. सकाळी मी उठून घळीपाशी गेलो. रात्री आभाळ मोकळं झालं होतं आणि कडकडून गोठलं होतं. लान कढई तळापर्यंत खरवडून गेली होती. वर काळा खडक दिसत होता, साखरेचा थरसुद्धा उरला नव्हता. ढिगावर पाय दिला तर तो सिमेंटसारखा लागला. आता यावरून बँडबाजा वाजवत, हातात हात घालून, सगळ्यांनी एकदम जायलाही हरकत नव्हती. वर्षातला याहून सुरक्षित दिवस नसतो. रस्ता उघडा झाला असं म्हणणं एवढंच माझं काम होतं.

मी वाटेत कबरस्तानात थांबलो. कालची ओली माती वरवरच गोठली होती, बुटाखाली फुटून चिकटत होती. तिथे मी थोडा वेळ उभा राहिलो आणि तिला वर काय राहिलंय ते सांगितलं. काहीच राहिलं नाही, असं सांगितलं.

खानावळीच्या दारात सगळे बाहेर येऊन थांबले होते. बायकांनी शाली गुंडाळल्या होत्या, बुटांच्या नाड्या बांधून झाल्या होत्या. पिर्मिन रिकामा दोर खांद्याला टाकून उभा होता. महिनाभर ज्यांनी मला रोज विचारलं होतं, रस्ता कधी उघडतोस, त्यांच्यापैकी कुणी काही विचारलं नाही. ते नुसते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"अजून एक दिवस," मी म्हटलं.

समोर घळ रिकामी पडली होती. लहान मुलालाही दिसलं असतं. पिर्मिनने वर कढईकडे बघितलं, काळ्या खडकाकडे बघितलं, मान डोलावली.

"तू म्हणतोस तर," तो म्हणाला, आणि नाड्या सोडायला लागला. त्याचं बघून बाकीचेही आत वळले. कुणीतरी फाइटला टेलिफोन करायला गेलं. एक बाई दुसरीला म्हणाली, बघ, काहीतरी दिसलं असणार त्याला.

दारात झेन्झी तेवढी राहिली. तिने घळीकडे बघितलं नाही. माझ्या बुटांना लागलेल्या कबरस्तानातल्या मातीकडे बघितलं. मग शाल सोडली, घडी करून हातावर घेतली आणि आत फिलोमेनाला ओरडून सांगितलं की पातेलं चुलीवर ठेव.

"एक दिवस म्हणतोस," ती मला म्हणाली. "बरं. पण एकच."